मनापासून किती टक्के

भरतेश मगदूम यांनी इतक्या वर्षांच्या धंद्यात एकही बटण स्वतः बनवलं नव्हतं, आणि याचा त्यांना रास्त अभिमान होता.

मगदूम मोबाइलची ॲप्स बनवत. सांगलीत मार्केट यार्डाच्या मागे एका हळदीच्या गोदामावर त्यांचं ऑफिस होतं. संगणक, खुर्च्या, भिंती आणि खुद्द मगदूम या सगळ्यांवर हळदीचा एक हलका थर कायम असे, त्यामुळे नवं गिऱ्हाईक आधी मालकांच्या तब्येतीची चौकशी करी आणि मग कामाचं बोले. दूध संघाचं ॲप त्यांचं, नळाला पाणी केव्हा येणार हे सांगणारं आणि नंतर का आलं नाही हे सांगणारं ॲप त्यांचं. तीन पतसंस्थांची तीन ॲप्सही त्यांचीच. ती आतून एकच होती. रंग तेवढे वेगळे.

"घर बांधतो तेव्हा दाराची कडी आपण घरी ओततो काय?" ते विचारत. "बाजारातनं आणतो. तसंच आहे हे. बटण, सरकपट्टी, तारखेचं चाक, टिकमार्कची चौकट, सगळं तयार मिळतं. आपण फक्त कुठं बसवायचं ते बघायचं."

हे तयार सामान ते 'सहजस्पर्श' नावाच्या कंपनीकडून घेत. नवी आवृत्ती आली की मगदूम ती बसवत आणि आतल्या सेटिंग्ज जशा आल्या तशा ठेवत. कंपनीनं विचार करूनच ठेवल्या असणार, असा त्यांचा विश्वास होता. प्रत्येक ॲपच्या तोंडाशी 'सर्व अटी वाचल्या, मान्य आहेत' ही चौकट त्यांनी हजारो लोकांसाठी बसवली होती. स्वतः मात्र त्यांनी आजवर एकही अट वाचलेली नव्हती. स्वयंपाकी आपल्या हातचं चाखत नाही, त्यातलाच प्रकार.

सहजस्पर्शची नवी आवृत्ती आली, आणि बिघडायला तिथूनच सुरुवात झाली.

फोनच्या काचेखाली विजेची एक बारीक जाळी असते. माणसाचं बोट म्हणजे खारट पाण्याची पिशवी. ती जवळ आली की जाळीतली वीज जराशी ढळते आणि बोट कुठे आहे ते फोनला कळतं. इथवर जुनंच. नवी गोष्ट अशी की जाळी आता भलतीच तल्लख झाली होती. बोट काचेला टेकण्याआधी, दोन पेरं वर असतानाच तिला चाहूल लागे. बोट सरळ उतरलं की घिरट्या घालून उतरलं, वाटेत शेजारच्या 'नाही'कडे झुकून परत फिरलं का, टेकल्यावर किती दाबलं, आणि प्रत्येकाच्या बोटात असते ती डोळ्यांना न दिसणारी थरथर वाढली की शमली, हे सगळं तिला समजे. मेंदू हालचालीची तयारी आधी करतो आणि आपण ठरवलं असं माणसाला नंतर वाटतं, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होतं. ती तयारी बोटाच्या उतरण्यात उमटते, एवढं कंपनीनं हेरलं.

याचा पहिला उपयोग सभ्य होता. बोट चुकून 'पैसे पाठवा'कडे निघालंय असं वाटलं की ते बटण अंग चोरून बारीक होई, आणि बोट मनापासून येत असेल तर दोन पावलं पुढे येऊन स्वागत करी. लोकांच्या चुका कमी झाल्या. दूध संघानं मगदूमांना श्रीफळ दिलं.

दुसरा उपयोग म्हणजे 'मनमापक'. दिसायला लहानशी अर्धगोल तबकडी, तीत काटा. कुणीही 'हो' दाबलं की हा काटा हलायचा आणि ते 'हो' मनापासून किती टक्के होतं ते सांगायचा. ही तबकडीही तयारच होती. बसवायला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागला नाही.

मगदूमांनी ती आधी घरी लावून बघितली. घरात माणसं तीन: ते, पत्नी त्रिशला आणि मुलगी समृद्धी. तिघांपुरतं 'आमचं घर' नावाचं एक ॲप त्यांनी हौसेनं करून ठेवलं होतं. त्यावर एकानं प्रश्न टाकायचा, बाकीच्यांनी 'हो' नाहीतर 'नाही' दाबायचं. भाजी बाजारात उभं राहून मगदूमांनी विचारलं: दोडका आणू?

समृद्धीचं 'हो' आलं, एक्क्याण्णव टक्के. मगदूमांनी ते न थांबता वर सरकवलं. मग त्रिशलाबाईंचं 'हो' आलं, एकसष्ट टक्के. यावर त्यांचा अंगठा थांबला. दोडकेवाली दोनदा "साहेब, बाजूला व्हा की" म्हणाली तरी ते आकड्याकडे बघत उभे राहिले.

घरी पिशवी ठेवताना ते म्हणाले, "तुला दोडका नको होता का गं?"

"आणा म्हटलं की."

"म्हटलंस. पण मनापासून नाही म्हटलंस."

त्रिशलाबाईंनी वर बघितलं. "दोडका मनापासून आणा कोण म्हणतंय ओ?"

उत्तर बिनतोड होतं. पण संशयाला बिनतोड उत्तर चालत नाही, त्याला पुढचा प्रश्न लागतो. मगदूमांनी तो टाकला. मग आणखी एक. दर वेळी समृद्धीचे नव्वदीतले आकडे ते वर ढकलत आणि त्रिशलाबाईंच्या आकड्यावर अंगठा ठेवून बसत. तो पन्नाशीत आला, मग चाळिशीत, मग तिशीत. सव्वीस वर्षं जिच्या 'हो'वर संसार उभा होता, त्या 'हो'च्या भिंतीला ओल आहे असं त्यांना वाटायला लागलं.

शास्त्रीय वृत्तीला जागून त्यांनी आधी इतर कारणं तपासली. त्रिशलाबाई स्वयंपाकघरातून फोन दाबत तेव्हा हाताला पीठ असे, म्हणून त्या बोट मुडपून मागच्या पेरानं टकटक करत.

"हात पूस आणि मग हो म्हण," मगदूम म्हणाले.

"काय?"

"पुसून म्हण. बोटाच्या टोकानं."

"शेजारी पाटलीणबाई बसल्यात, हळू बोला," त्रिशलाबाई म्हणाल्या, आणि हात पुसून त्यांनी 'हो' दाबलं. आकडा आणखी दोन टक्क्यांनी उतरला.

मग एका संध्याकाळी त्यांनी जो टाकायला नको होता तो प्रश्न टाकला. मगदूमांच्या घरी दिवे लागायच्या आत जेवणं होत. त्रिशलाबाई भाकरी थापत होत्या, आणि मगदूम पाटावर बसल्या बसल्या फोनवर लिहीत होते: म्हातारपणी आपण सांगलीतच राहायचं ना?

ओट्यावरचा फोन वाजला. त्रिशलाबाईंनी वाचलं, एकदा मगदूमांकडे बघितलं आणि मुडपलेल्या पेरानं टकटक केलं. हो.

चोवीस टक्के.

भाकरी छान फुगली होती. मगदूमांनी ती तशीच ताटात ठेवली.

त्या दिवसापासून त्यांना बायकोच्या बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. ती फोनला बेळगावचं हवामान विचारते. कशासाठी? बेळगावात तिची धाकटी बहीण असते, पण बहिणीच्या खुशालीचा हवेतल्या गारव्याशी काय संबंध? ती गॅलरीत उभी राहते तेव्हा नदीच्या बाजूला बघत नाही, उलट्या बाजूला बघते. उलट्या बाजूला तर एक टायरचं दुकान आहे. मगदूम एकदा मुद्दाम खाली जाऊन टायरच्या दुकानदाराला बघून आले. तो सत्तरीचा होता आणि त्याला मोतीबिंदू होता. तरीही मगदूमांचं पुरतं समाधान झालं नाही.

इकडे धंद्यात मात्र मनमापकानं नशीब काढलं. मगदूमांचं सगळ्यांत चालणारं ॲप होतं 'सोयरीक'. सांगलीपासून बेळगावपर्यंतच्या जैन समाजाची लग्नं त्यावर जुळत. मुलामुलींनी एकमेकांना 'पसंत' नाहीतर 'नापसंत' कळवायचं. नापसंत असेल तर सभ्य नकाराची तीन तयार वाक्यं मगदूमांनी बसवून दिली होती: 'पत्रिका जुळत नाही', 'इतक्यात कर्तव्य नाही' आणि 'घरी विचारून कळवतो'. आपल्याकडे नकार इतक्याच वाक्यांत बसतो, चौथं कुणी मागितलं नव्हतं.

या 'पसंत'पाशी त्यांनी मनमापक लावला, आणि लोक ॲपवर तुटून पडले. पूर्वी आईबाप दिवसातून एकदा बघत, आता जेवताना, देवळाच्या पायरीवर, मयताला गेल्यावरसुद्धा बघायला लागले. एकच 'पसंत' चार चार वेळा उघडून बघत. सहजस्पर्श कंपनीनं मगदूमांना 'सर्वाधिक खिळवून ठेवणारं ॲप' अशी काचेची ढाल पाठवली. ऑफिसात ठेवल्यावर तिच्यावरही हळद बसली.

ढालीपाठोपाठ आप्पासाहेब कोथळे यांचा फोन आला. त्यांचं मंगल कार्यालय होतं.

"मगदूम, काय करून ठेवलंयसा? मार्गशीर्ष निम्मा सरला, हॉलात चिटपाखरू नाही. आचारी माझ्या तोंडाकडं बघतोय, मी आचाऱ्याच्या."

"लोकच जरा विचार करायला लागलेत, आप्पा."

"विचार करून कुणाचं लग्न झालंय?" आप्पासाहेबांनी फोन ठेवला.

लोक बघतायत जास्त आणि लग्नं होतायत कमी, या दोन गोष्टी मगदूमांनी शेजारी शेजारी ठेवल्या. त्यातून त्यांनी निष्कर्ष काढला तो असा, की पूर्वी लोक किती खोटं 'हो' म्हणत होते ते आता उघडकीला येत आहे. संशय तबकडीवरही घेता येतो हे त्यांना सुचलं नाही. ती कंपनीकडून आलेली होती.

आणि याच सुमाराला समृद्धीचं स्थळ आलं.

समृद्धी मिरजेच्या एका दवाखान्यात अडखळणाऱ्या मुलांना बोलायला शिकवायची. मुलगा जयसिंगपूरचा, अभिनंदन चौगुले. तो म्हशींचं दूध काढायच्या यंत्रांचे पंप बनवायचा. दोघं मिरजेत चहाला भेटली, मग पुन्हा भेटली, मग समृद्धी फोनवर बोलताना खोलीचं दार लावून घ्यायला लागली आणि दार लावूनही तिचं हसू बाहेर ऐकू यायला लागलं. तिनं 'पसंत' दाबलं. दुसऱ्याच दिवशी अभिनंदनचं 'पसंत' आलं.

मगदूमांनी ऑफिसात बसून ते उघडलं. काटा हलला, वर जातोसं वाटलं, आणि खाली येऊन स्थिरावला.

अडतीस टक्के.

अडतीस टक्के मनानं कुणी आपल्या मुलीला हो म्हणतो! मगदूमांनी फोन बंद करून पुन्हा उघडला. अडतीस. खाली जाऊन चहा पिऊन आले. छत्तीस. चहा पिईपर्यंत दोन टक्क्यांनी मन उडालं होतं. मुलगा चंचलही दिसत होता.

मुलीला सांगावं की नाही, यावर त्यांनी बराच विचार केला. सांगितलं तर तिचं मन दुखावेल, नाही सांगितलं तर तिचं आयुष्य. तेव्हा ज्यात आपल्याला कुणाशी बोलावं लागणार नाही असा मार्ग त्यांनी निवडला. वधूपित्याच्या खात्यातून त्यांनी तयार वाक्यांची यादी उघडली आणि पहिलं वाक्य सर्वांत वर होतं म्हणून तेच पाठवलं.

संध्याकाळी समृद्धी आली ती चपला न काढता थेट स्वयंपाकघरात.

"पप्पा, अभिनंदनची पत्रिका कुठाय?"

"कुठली पत्रिका?"

"जी जुळली नाही ती."

मगदूमांनी आमटीत भाकरी कुस्करली.

"त्यांच्या घरात कुणी पत्रिका बघतच नाही," समृद्धी म्हणाली. "त्यांनी दिली नाही, आपण मागितली नाही. मग जुळली नाही ती कुणाची? तो मला फोन करून विचारतोय, तुझ्या वडिलांनी माझी पत्रिका स्वतः बनवली का?"

"अहो," त्रिशलाबाई ताट खाली ठेवत म्हणाल्या, "तुम्ही नकार कळवलाय?"

"मला कारण आहे."

"मग आम्हालापण कळू दे की."

मगदूमांना वाटलं, आता लपवण्यात अर्थ नाही. त्यांनी फोन काढला, अभिनंदनचं 'पसंत' उघडलं आणि ताटापाशी ठेवलं. "बघा. चौतीस टक्के. सकाळी अडतीस होतं. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे, मी काय डोळे मिटून बसू?"

समृद्धीनं फोनकडे बघितलंसुद्धा नाही. "मी त्या काट्याकडे कधी बघत नाही. मी त्याच्याशी बोलते."

त्रिशलाबाईंनी मात्र हात पुसला आणि आपला फोन घेतला. सोयरीक ॲप त्यांच्याकडेही होतं, मुलीची आई म्हणून. "काय बोलताय ओ, चौतीस कुठं? चौऱ्याण्णव आहे की."

"तू दुसरं कुणाचं तरी बघतेयस."

"अभिनंदन चौगुले, जयसिंगपूर, पंपवाला. सकाळी ब्याण्णव होतं. मी आनंदानं तीनदा बघितलं."

दोन फोन ताटाच्या दोन बाजूंना आले. तोच मुलगा आणि तेच एकदा दाबलेलं 'पसंत'. एका काचेवर चौतीस, दुसरीवर चौऱ्याण्णव. त्रिशलाबाई आमटी वाढायला लागल्या. बटणांच्या धंद्यात केस पांढरे केलेला माणूस दोन तबकड्यांकडे आळीपाळीनं बघत राहिला.

सकाळी त्यांनी कंपनीला फोन लावला. मैथिली नावाची एक गोड आवाजाची मुलगी बोलली.

"सर, त्यात बिघाड नाही. ते वैशिष्ट्य आहे."

"एकाच माणसाचं मन दोन फोनवर दोन असतं?"

"सर, मनमापक हा पण एक कंट्रोलच आहे ना? तुम्ही त्याच्याकडे बघत असता तेव्हा तुमचा अंगठा काचेवरच असतो. बटण जसं बोट वाचतं, तसाच मनमापक बघणाऱ्याचा अंगठा वाचतो. कुठल्या आकड्याला अंगठा पुढे जातो, कुठल्या आकड्याला थांबतो, ते तो शिकतो. आणि ज्यावर तुम्ही थांबता तसा आकडा पुढच्या वेळी दाखवतो. म्हणून तर ॲप इतकं खिळवून ठेवतं. तुम्हाला ढाल मिळालीय ना, सर?"

"म्हणजे तो आकडा खोटा आहे."

"खोटा नाही, सर. वैयक्तिक."

मगदूमांना पहिला दोडका आठवला. एक्क्याण्णव आपण वर ढकललं आणि एकसष्टवर उभे राहिलो. म्हणजे एवढे दिवस तो काटा त्रिशलाचं मन मोजत नव्हता, आपलं मोजत होता. आणि जयसिंगपूरच्या मुलाचंही नाही.

"हे कुणी चालू केलं?"

"चालूच येतं, सर. 'रस टिकवा' म्हणून सेटिंग आहे. नको असेल तर ते 'प्रामाणिक' करायचं. मग खरा आकडा दिसतो. मागचे सगळे होकार साठवलेले असतात, त्यांचे पण खरे आकडे दिसतील." मैथिलीनं आवाज जरा खाली आणला. "पण सर, 'प्रामाणिक' फारसं कुणी घेत नाही. रटाळ आहे."

दुपारी मगदूम आणि त्रिशलाबाई गाडीनं जयसिंगपूरला गेले. औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये दहा-बारा पंप एका सुरात श्वास घेत होते. अभिनंदन ग्रीसचे हात पुसत पुढे आला. खुर्च्या पुसल्या गेल्या. "चहा घेणार ना?" असं त्यानं विचारलं, त्रिशलाबाई "नको, नको" म्हणाल्या, चहा आला आणि त्यांनी घेतला. या 'नको'चे किती टक्के झाले असते, याचा मगदूमांच्या मनानं आपोआप हिशेब मांडला. मग शरमून सोडून दिला.

त्यांनी सगळं सांगितलं. तबकडी, अडतीस टक्के, तयार वाक्य, सगळं. सांगून झाल्यावर म्हणाले, "चूक माझी आहे. पोरीला त्यात काही ठाऊक नव्हतं."

अभिनंदन पंपाकडे बघत होता. "काका, माझ्या फोनवर समृद्धीचा आकडा बावीस होता."

"बावीस?"

"मी जरा काळजी करणारा आहे."

"बावीस बघूनही तुम्ही पसंत कळवलंत?"

"कळवायच्या आधी तिला फोन केला. विचारलं, घरच्यांच्या दबावानं म्हणालीस का? ती म्हणाली, दबाव असता तर तुझ्या पंपांविषयी पाऊण तास ऐकून घेतलं असतं का? ते मला पटलं. पंपांविषयी इतका वेळ कुणी ऐकत नाही. माझी आईपण नाही."

त्रिशलाबाई हसल्या. मगदूमांना हसू आलं नाही. फोन करून विचारणं ही पद्धत आपल्या डोक्यात का आली नाही, असा प्रश्न त्यांना पडला होता.

"पण काका," अभिनंदन म्हणाला, "नकार तुमच्याकडनं आलाय. आता हो म्हणताय. हे किती टक्के धरायचं? उद्या पुन्हा पत्रिका नाही ना जुळायची बंद होणार?"

प्रश्न सरळ होता आणि त्याला तयार वाक्य नव्हतं. मगदूमांनी कप खाली ठेवला. "मला भीती वाटते. एकच मुलगी आहे. ती भीती वजा करून जेवढं उरतं ते सगळं हो आहे."

"आणि भीती किती आहे?"

"ती आता मोजायची नाही असं ठरवून आलोय."

अभिनंदननं हात पुन्हा एकदा पुसला आणि पुढे केला. ग्रीस होतंच, मगदूमांच्या तळव्याला लागलं. हळदीवर तो नवा रंग होता.

परतताना अंकलीच्या पुलाअलीकडे गाडी अडकली. उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. यंदा कारखान्यानं बिनचालकाचे ट्रॅक्टर आणले होते. ते इतके सुसंस्कृत होते की पुलाच्या तोंडाशी दोन ट्रॅक्टर एकमेकांना 'आधी तुम्ही' करत थांबले होते आणि मागे दोन मैल ऊस वाळत होता.

मगदूमांनी फोन काढला. सोयरीकमधून आणि घरच्या ॲपमधून मनमापक काढून टाकायचा होता. कंपनीनं निरोपाचा पडदा दाखवला. त्यावर दोन बटणं होती: 'काढून टाका' आणि 'प्रामाणिक करा'.

त्यांनी 'काढून टाका'वर बोट नेलं. बटण अंग चोरून मागे सरलं. त्यांनी पुन्हा नेलं. ते तांदळाएवढं झालं. शेजारचं 'प्रामाणिक करा' मात्र ऐसपैस पसरून, हात पसरून स्वागताला पुढे येत होतं. 'काढून टाका' चुकून दाबलं जाऊ नये म्हणून ते बटण काळजी घेत होतं. मगदूम मनापासून काढायला आलेले नाहीत, हे त्याला कळलं होतं.

आणि ते खरंच होतं. मागचे सगळे होकार साठवलेले आहेत, असं मैथिली म्हणाली होती. भाकरी थापताना मुडपलेल्या पेरानं दिलेलं ते 'हो'सुद्धा. त्याचा खरा आकडा एका बोटावर होता. एकदाच बघू, मग काढून टाकू. कायमचं समाधान तरी होईल.

"काय झालं?" त्रिशलाबाईंनी विचारलं. "निघत नाही?"

"निघत नाही."

"आणि ते दुसरं काय आहे?"

मगदूमांनी सांगितलं. लपवण्याचं काम एव्हाना त्यांना जमेनासं झालं होतं.

त्रिशलाबाईंनी समोरच्या ट्रॉलीतल्या उसाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझा खरा आकडा बघायचाय तुम्हाला."

"तसं नाही."

"बटण बरोबर तसंच म्हणतंय की." त्यांनी फोन आपल्याकडे ओढला. तांदळाएवढं बटण त्यांचं बोट येताना दिसताच झर्रकन मोठं झालं, जवळजवळ पडदाभर. त्यांनी टेकवलं. मनमापक गेला.

पुलावर अजून कुणीच पुढे जात नव्हतं. मगदूमांनी गाडी बंद केली. आता विचारायला तोंडाखेरीज काही उरलं नव्हतं, आणि तोंडानं विचारायचं तर समोरच्या माणसाकडे बघावं लागतं. त्यांनी बघितलं.

"त्रिशला, म्हातारपणी सांगलीत राहायचं का, असं मी विचारलं होतं. तू हो दाबलंस. तिथं चोवीस टक्के आले होते. मला माहितेय, ते खोटं होतं. माझ्याच अंगठ्याचं होतं. पण मी तेव्हापासनं..."

"चोवीस?" त्रिशलाबाई म्हणाल्या.

"हो."

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "चोवीस म्हणजे जरा जास्तच दाखवलं ओ त्यानं."

मगदूमांचा हात स्टिअरिंगवरून खाली आला.

"मला बेळगावला राहायचंय," त्या म्हणाल्या. "बहिणीकडं नाही, आपलं आपलं. इथला उन्हाळा मला सोसत नाही. गॅलरीत गेलं की नदीच्या बाजूनं हळदीचा धुरळा येतो, म्हणून मी टायरच्या दुकानाकडं तोंड करून उभी राहते. लग्न झाल्यापासनं."

"मग हो का दाबलंस?"

"माझ्या हाताला पीठ होतं, तुम्ही पाटावर बसला होता, समोर. तोंडानं विचारलं असतं तर तोंडानं सांगितलं असतं. फोनवर विचारलं. फोनला कशाला सांगू मी घरातलं?"

पलीकडच्या ट्रॅक्टरनं अखेर दिवे लुकलुकवले आणि पुढे सरकला. मागच्यांनी एकदम हॉर्न सुरू केले. मगदूमांनी किल्ली फिरवली नाही.

"बेळगावला हवा कशी असते आता?" त्यांनी विचारलं.

"आता? गार," त्रिशलाबाई म्हणाल्या. "गाडी काढा आधी. मग सांगते."